लॅम्प टेस्ट

पृथ्वीचा विनाश व्हायला १० सेकंद उरलेले असतात. खलनायकाच्या तळघरात भिंतभर दिवे लुकलुकत असतात, भोंगा केकाटत असतो, पांढऱ्या कोटातले शास्त्रज्ञ उगाचच इकडून तिकडे पळत असतात. आम्ही पोरं सतरंजीवर एकमेकांचे हात घट्ट धरून बसलेलो. आणि मागून, भिंतीला पाठ लावून बसलेल्या बाबांचा शांत आवाज येतो, “लॅम्प टेस्ट दाबून बसलाय लेकाचा. सोड म्हणावं आता.”

हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलंय, की ते त्या सिनेमांतलंच कुणीतरी बोलतं असं मला आजही वाटतं.

बाबा ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीत इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. प्रेशर गेज, रोटामीटर, थर्मोकपल, रेकॉर्डर, सोलेनॉइड व्हॉल्व्ह, ही सगळी त्यांची माणसं. घरी ते फार बोलायचे नाहीत, पण पडद्यावर एखादं पॅनल दिसलं की त्यांची कळी खुलायची. त्यांच्या कंट्रोल रूममध्ये भिंतीवर एक अ‍ॅनन्सिएटर होता. नाव भारी आहे, वस्तू साधी. काडेपेटीएवढ्या खिडक्यांच्या रांगा आणि प्रत्येक खिडकीच्या काचेवर एकेक संकट लिहिलेलं. अमक्या टाकीची लेव्हल जास्त, तमका पंप बंद, कूलिंग वॉटरचं प्रेशर कमी. सगळं ठीक असतं तेव्हा सगळ्या खिडक्या विझलेल्या. काही बिघडलं की ती खिडकी लुकलुकते आणि हूटर बोंबलायला लागतो. ऑपरेटरने आधी अ‍ॅक्नॉलेजचं बटण दाबायचं. हूटर गप्प होतो, दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर पेटतो, आणि मग डोकं शांत ठेवून बिघाड शोधायला जायचं.

आता यात एक गोची आहे. विझलेल्या दिव्यावर विश्वास किती ठेवायचा? सगळं ठीक आहे म्हणून तो विझलाय, की त्याचा बल्बच उडालाय? म्हणून लॅम्प टेस्टचं बटण. शिफ्ट सुरू झाली की ते दाबायचं. सगळ्या खिडक्या एकदम पेटतात. जी पेटणार नाही तिचा बल्ब बदलायचा आणि मगच कामाला लागायचं.

त्यामुळे सिनेमातली ती सदासर्वकाळ झगमगणारी भिंत बाबांना बघवत नसे. दिव्यांपेक्षाही त्यांना हूटरचा जास्त त्रास व्हायचा. पडद्यावर पाच-पाच मिनिटं भोंगा वाजतोय आणि १०-१२ माणसांपैकी एकालाही अ‍ॅक्नॉलेज दाबायचं सुचत नाही! त्यांची बोटं मांडीवर आपोआप हलायची. “दाब रे, दाब,” असं पुटपुटायचे. आई म्हणायची, “अहो, तुमची शिफ्ट संपली आता.”

आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा मी सहा वर्षांची होते. सेक्टर ९, जेएन-टू टाइप. लालबागच्या आत्याने पत्ता लिहून घेताना पेन खाली ठेवलं आणि विचारलं, “हा पत्ता आहे की रॉकेटचा नंबर?” तिच्याकडे पत्ता म्हणजे गणेश गल्लीतून आत या आणि पिठाच्या गिरणीपाशी कुणालाही विचारा. आमच्याकडे विचारायला रस्त्यावर माणूसच नसे. रुंद रस्ते, एकसारख्या इमारती, त्यांच्यावर आकडे आणि अक्षरं, पिवळे सोडियमचे दिवे, आणि दिव्याखाली एखादं कुत्रं. रात्री वारा फिरला की कुठल्यातरी कारखान्याचा गोडसर वास घरात यायचा आणि बाबा नाक वर करून तो कशाचा ते सांगायचे. कारखान्यांच्या त्या पट्ट्याचं नाव टीटीसी, म्हणजे ट्रान्स ठाणे क्रीक. हे नाव ज्याने ठेवलं त्याने नक्कीच पुष्कळ परग्रहावरचे सिनेमे पाहिले असणार, असं मला वाटायचं.

पुढे वाचनात आलं की हे शहर खरोखरच आधी कागदावर होतं. १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, आणि १९७० साली सिडको स्थापन झाली. आमच्या लहानपणी त्या कागदावर माणसं भरायचं काम चालू होतं. १९९२ साली रेल्वे आली तेव्हा एवढं थोरलं स्टेशन आणि त्यात आम्ही मूठभर माणसं. प्लॅटफॉर्मवर हाक मारली तर ती छतावरून परत यायची. माझ्या धाकट्या भावाला कित्येक दिवस वाटत होतं, की इथून पुढची गाडी चंद्रावर जाते. पुढचं स्टेशन सानपाडा आहे हे कळल्यावर तो जेवला नव्हता.

अशा गावात शनिवारी रात्री व्हीसीआर यायचा. वर्गणी काढून. एका रात्रीसाठी एक मशीन आणि तीन कॅसेटी. एक मोठ्यांची, एक बायकांची आणि एक पोरांची. मोठ्यांची आधी लागे, बायकांच्या कॅसेटला सगळे रडत, आणि आमची पाळी येईस्तोवर रात्रीचे दोन वाजलेले असत. मोठी माणसं आडवी व्हायची. जागे राहायचे ते आम्ही पोरं आणि बाबा. त्यांना थर्ड शिफ्टची सवय होती.

पोरांची कॅसेट कुठली, ते व्हिडिओ लायब्ररीवाल्याच्या मर्जीवर. बहुतेकदा तिच्यावर नाव नसायचंच. चित्राच्या खालच्या अंगाला कुठल्याशा सूटिंग-शर्टिंगची जाहिरात सरकत असायची, मध्येच चित्र तिरकं व्हायचं, मग कुणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं. आणि त्या मुंग्यांतून तो यायचा. रबराचा राक्षस. पुठ्ठ्याच्या इमारती पायाखाली तुडवत, पाठीवरची चेन लपवत. किंवा डोक्यावर अँटेना लावलेली, चांदीच्या कागदात गुंडाळलेली परग्रहावरची माणसं, जी कुठल्याही आकाशगंगेतून आली तरी हिंदीच बोलायची.

“दोरा दिसला!” ही भावाची आरोळी. उडती तबकडी पडद्यावर आली, की तो टीव्हीला नाक लावून बसायचा आणि तिला टांगलेला दोरा शोधायचा. दोरा दिसला की त्याला एक गुण. राक्षसाच्या गळ्यापाशी माणसाचं कातडं दिसलं की दोन. कापडाचा डोंगर हलला की एक. रात्रीअखेर त्याचे १५-२० गुण सहज व्हायचे.

तेव्हा आम्ही हसायचो खरे, पण एखाद्या सिनेमात दोरा दिसला नाही की चुकल्या-चुकल्यासारखं वाटायचं. दोरा दिसला म्हणजे वर कुणीतरी आहे. शिडीवर चढून, हातात काठी धरून, श्वास रोखून उभा असलेला एक माणूस. त्याला तबकडी सरळ न्यायची आहे आणि ती हेलकावे खातेय. मला त्या माणसाची फार काळजी वाटायची.

त्या माणसाचं नाव खूप वर्षांनी कळलं. निदान आपल्याकडच्या आद्य माणसाचं. बाबूभाई मिस्त्री. १९३७ साली विजय भट्टांच्या ‘ख्वाब की दुनिया’मध्ये अदृश्य माणसाची करामत दाखवायची होती. बाबूभाईंनी मागे काळा पडदा लावला आणि वस्तू काळ्या दोऱ्याने हलवल्या. काळ्यावर काळं, दोरा दिसायचा प्रश्नच नाही. मग इंडस्ट्रीत त्यांचं नावच ‘काला धागा’ पडलं. मी भावाला हे कळवलं तेव्हा तो टोरांटोत होता. त्याने लगेच विचारलं, “म्हणजे या माणसाने आपले किती गुण घालवले?”

आपले दोरे फाटक्या बजेटचे आणि तिकडचे सगळे अस्सल, असा माझा समज होता. तोही गेला. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायचं. त्यातल्या यानाची दारं माणूस जवळ आला की स्स्स करून आपोआप उघडायची आणि आम्ही अवाक. ती दारं म्हणे मागे उभी असलेली माणसं हाताने ओढायची. डॉक्टर पेशंटच्या अंगावरून जी यंत्रं फिरवायचे त्यांतली काही चक्क मीठदाण्या होत्या. माणूस विरघळून दुसरीकडे प्रकट होतो ती युक्ती तर यान दरवेळी ग्रहावर उतरवून दाखवणं परवडत नव्हतं म्हणून सुचलेली, आणि ती चमचम म्हणजे प्रकाशात भुरभुरवलेली अ‍ॅल्युमिनियमची भुकटी. जपानी गॉडझिलाची डरकाळी, जिच्यामुळे आमच्या बिल्डिंगमधल्या बारक्या पोरांनी १९८८ च्या मे महिन्यात गाद्या ओल्या केल्या, ती संगीतकार अकिरा इफुकुबे यांनी काढली होती डबल बेसच्या तारांवर चामड्याचा हातमोजा घासून. १९५४ साली. आतला माणूस हारुओ नाकाजिमा. त्याचा तो पोशाख इतका जड आणि आत उकाडा इतका, की थोड्या थोड्या वेळाने त्याला बाहेर काढावं लागे. हे वाचल्यापासून मी गॉडझिला बघते तेव्हा शहराचं काय होतंय इकडे माझं लक्षच नसतं.

बाबांचा स्वतःचा लहानपणचा सिनेमा वेगळा होता. ते मूळचे साताऱ्याकडचे. जत्रेतल्या तंबूत मातीवर बसून त्यांनी दारासिंगचा ‘चाँद पर चढाई’ पाहिला. सिनेमा १९६७ चा, म्हणजे आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षं आधी. आपला पहिलवान चंद्रावर जातो आणि तिथे जाऊनही करतो काय, तर कुस्ती. तंबू टाळ्यांनी दणाणला होता म्हणे. पुढे १९६९ साली माणूस चंद्रावर उतरल्याची बातमी रेडिओवर लागली, तेव्हा आमचे आजोबा पान लावता लावता म्हणाले होते, “त्यात काय, दारासिंग जाऊन आला की.” ही गोष्ट बाबांनी इतक्यांदा सांगितलीय की ती आता खरी धरून चालायला हरकत नाही.

‘मिस्टर इंडिया’ १९८७ चा. तो आम्ही व्हीसीआरवर तीनदा पाहिला आणि तिन्हीदा बाबा एकाच ठिकाणी उठून बसले. मोगॅम्बोची माणसं अ‍ॅसिडमध्ये उड्या मारतात तिथे. “एवढ्या मोठ्या टाकीला साधं रेलिंग नाही! सेफ्टी ऑफिसर काय करतो या कंपनीत?” बिल्डिंगमधल्या सगळ्या काकांनी मान डोलावली. त्यातले अर्धे त्याच पट्ट्यात कामाला होते. शेवटी क्षेपणास्त्रं सुटायची वेळ येते तेव्हा त्यांच्यात चर्चा रंगली, की इंटरलॉक, म्हणजे धोका दिसला की यंत्र आपोआप अडवणारी सोय, नसताना एवढी मोठी सिस्टीम चालवायला परवानगी दिली कुणी. मोगॅम्बोला कुणी वाईट म्हणालं नाही. मेंटेनन्सला नावं ठेवली.

आम्ही मात्र दुसऱ्या दिवसापासून लाल जिलेटिनचे कागद डोळ्यांना लावून सेक्टरभर फिरत होतो. लाल उजेडात अदृश्य माणूस दिसतो, हे आम्ही शास्त्र म्हणून स्वीकारलं होतं. मिनी मार्केटच्या मागच्या मोकळ्या मैदानावर, जिथे पावसाळ्यात कमरेएवढं गवत वाढायचं, तिथे माझ्या मैत्रिणीला एकदा खरोखर कुणीतरी दिसलं. आम्ही इतक्या जोरात पळालो की माझी एक चप्पल तिथेच राहिली. आईने विचारलं, चप्पल कुठेय? सांगणार काय?

आमच्या घरात विज्ञानकथा नव्हत्या असं नाही. कपाटात नारळीकर होते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. हा किस्सा मला फार आवडतो. पण त्या कथा वाचून झाल्या की बाबा पुस्तक मिटून म्हणायचे, “छान आहे.” बस्स. चूक सापडायची नाही, त्यामुळे त्यांना बोलायला काही उरायचंच नाही.

एकाच गोष्टीवर त्यांनी कधी विनोद केला नाही. ‘जायंट रोबोट’. जपानी मालिका, १९६७-६८ ची, दूरदर्शनवर आमच्या वाट्याला वीस वर्षांनी आली. राजासारखा मुकुट घातलेला अजस्र रोबोट आणि त्याला मनगटातल्या घड्याळातून हुकूम सोडणारा एक छोटा मुलगा. रोबोटने आधी त्याचा आवाज ऐकला म्हणून तो त्याचंच ऐकणार, हा योगायोग. बाबांचं एचएमटीचं घड्याळ मी आंघोळीच्या वेळी पळवायची आणि गच्चीत जाऊन पाण्याच्या टाक्यांना हुकूम सोडायची. मालिकेच्या शेवटी रोबोट पहिल्यांदाच ऐकत नाही. तो शत्रूला कवटाळून आकाशात जातो. मुलगा खालून घड्याळात ओरडतोय, परत ये. पण तो येत नाही. वर कुठेतरी स्फोट होतो.

मी त्या रात्री जेवले नाही. (आमच्या घरात कुणीतरी सारखंच जेवत नसे, असं वाचणाऱ्याला वाटेल. तसं नव्हतं.) घड्याळ कानाला लावून अंथरुणात पडले होते. बाबा सेकंड शिफ्ट करून आले, त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं नाही. शेजारी बसून त्यांनी मला काय सांगितलं असेल? फोर टू ट्वेंटी.

“हे बघ ठमे, टाकीत पाणी किती आहे ते कंट्रोल रूमला कळवायचं असतं. त्यासाठी तारेतून करंट पाठवतात. टाकी भरली की २० मिलिअँपिअर. आणि रिकामी असली की?”

“शून्य.”

“नाही. चार. मुद्दाम चार. कारण शून्य ठेवलं तर टाकी रिकामी आहे की वायर तुटलीय, ते कसं कळणार? चार आलं तर समजायचं, टाकीत काही नाही पण ती बोलतेय.”

मग त्यांनी घड्याळ माझ्या कानाला नीट लावलं. टिकटिक चालू होती. “हे चार,” ते म्हणाले आणि जेवायला गेले. आता विचार केला तर यातून रोबोट परत येतो कसा, हे त्यांनी सांगितलंच नाही. तेव्हा पटलं होतं.

त्याच वर्षी दसऱ्याला त्यांनी आम्हाला कंपनीत नेलं. खंडेनवमीला मशिनरीची पूजा असायची आणि दसऱ्याला घरच्यांना आत सोडायचे. प्रत्येक पंपाला हळदकुंकू, व्हॉल्व्हच्या चाकांना झेंडूच्या माळा, बॉयलरपुढे नारळ. आणि कंट्रोल रूम. मी उंबऱ्यातच थांबले. भिंतभर पॅनल, गोल काचांच्या आड थरथरणारे काटे, कागदाच्या पट्टीवर निळ्या शाईने आपोआप रेघ ओढणारे रेकॉर्डर, फिरत्या खुर्चीवर बसलेला ऑपरेटर. सगळं होतं. तबकडीवाल्यांच्या अड्ड्यावर असतं ते सगळं. फक्त एकही दिवा पेटलेला नव्हता.

माझा चेहरा पडलेला बघून बाबा ऑपरेटरच्या कानात काहीतरी बोलले. काका हसले, मला उचलून खुर्चीवर उभं केलं आणि एका काळ्या बटणाकडे बोट दाखवलं. मी दाबलं.

सगळ्या खिडक्या एकदम पेटल्या. लाल, पिवळ्या, पांढऱ्या. सगळी संकटं एका वेळी, आणि कसलंच संकट नाही. झेंडूच्या माळांवर लाल उजेड पडला होता. मी बोट काढेना. बाबा म्हणाले, “बघ, खालच्या रांगेतली तिसरी पेटली नाही.” त्यांनी खिशातून बल्ब काढला. दसऱ्याच्या दिवशी, नव्या शर्टाच्या खिशात त्यांच्याकडे बल्ब होता.

१९९० च्या गणपतीत बिल्डिंगच्या मंडळाने चलचित्राचा देखावा करायचं ठरवलं. विषय बाप्पा मंगळावर. थर्मोकोलचे खड्डे, गेरूने रंगवलेली जमीन, मागे काळा कपडा, त्यावर टिकल्यांचे तारे. तबकडी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या दोन पराती तोंडाला तोंड लावून. एक आमची, एक तळमजल्यावरच्या काकूंची. दोरा शिंप्याकडून आणलेला, काळा. बाबांनी स्क्रॅपमध्ये निघालेला एक जुना अ‍ॅनन्सिएटर रीतसर गेटपास करून घरी आणला, आठ खिडक्यांचा. खिडक्यांवर नवी संकटं लिहिली. मोदक लेव्हल लो. उंदीर ट्रिप. भक्त प्रेशर हाय. आणि तबकडी मंगळाला टेकली तर हूटर वाजावा म्हणून खाली एक लिमिट स्विच बसवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या आरतीत, ‘जय देव जय देव’ टिपेला पोचलेलं असताना दोरा तुटला. पराती खणखणत मंगळावर, तिथून घरंगळत खिरापतीच्या ताटात. लिमिट स्विच दाबला गेला. आणि बाबांचा हूटर सुरू झाला, जो चालू कारखान्याच्या आवाजात ऐकू जावा म्हणून बनवलेला असतो. समोरच्या बिल्डिंगमधले लोक गॅलरीत आले. एक म्हातारे गृहस्थ कंपनीत गॅस सुटला समजून नाकाला रुमाल लावून जिना उतरले. आरती थांबली. आणि त्या गोंधळात बाबा गर्दीतून वाट काढत शांतपणे पुढे गेले आणि त्यांनी अ‍ॅक्नॉलेज दाबलं. हूटर बंद. एक खिडकी स्थिर पेटलेली. भक्त प्रेशर हाय.

त्यानंतर उरलेले दिवस सेक्टर १० मधले, कोपरखैरण्याचेसुद्धा लोक देखावा बघायला यायचे आणि विचारायचे, तबकडी आज पडणार का?

मग १९९४ साली हिंदीत ‘जुरासिक पार्क’ आला. तो बघायला आम्ही ठाण्याला गेलो, कळव्यावरून, बसने. भाऊ पहिल्या मिनिटापासून डोळे फाडून बसला होता. मध्यंतरात त्याचे गुण शून्य. सिनेमा संपला तेव्हाही शून्य. तो जवळजवळ रडवेला झाला होता. आम्ही तलावपाळीवर भेळ खाल्ली, पण मजा आली नाही. बाबा मात्र त्या कंट्रोल रूममध्ये अडकले होते. “एवढी मोठी सिस्टीम आणि एकाच माणसाच्या हातात? शिफ्टला दुसरा माणूस नाही? मग काय, डायनासोर सुटणारच.” डायनासोर कसे वाटले हे त्यांनी सांगितलंच नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “चांगले होते. पण कुणी केलेत ते दिसत नाही.”

त्यातही दोरा होता, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी समजलं. ग्लासातल्या पाण्यावर गोल तरंग उठतात, तो प्रसंग आठवतो? तसे तरंग काही केल्या उठेनात. शेवटी ग्लासाखालून गाडीतून गिटारची तार ताणली आणि खाली आडवा पडलेला एक माणूस ती छेडत होता. मी हे वाचलं त्या क्षणी टोरांटोला फोन लावला. तिकडे पहाटेचे चार होते. भाऊ झोपेत “काय झालं, बाबा बरे आहेत ना?” म्हणाला. मी सांगितलं. दोन सेकंद काही आवाज नाही. आणि मग ४० वर्षांचा बाप्या त्या थंडीत गळा काढून ओरडला, “दोरा दिसला!” वहिनी उठली असणार.

मध्यंतरी मी त्यातले काही सिनेमे पुन्हा बघायचा प्रयत्न केला. खरं सांगते, बहुतेक बघवत नाहीत. कथा रेंगाळते, विनोद शिळे, आणि बायकांना कामं दोनच. परीक्षानळी हातात देणं आणि राक्षस दिसला की बेशुद्ध पडणं. कुठल्याही खलनायकाच्या कंट्रोल रूममध्ये एकही बाई खुर्चीवर बसलेली मला आठवत नाही. लहानपणी हे खटकलं कसं नाही? बहुधा मी खुर्चीवर उभी राहून आले होते म्हणून. एकटीने लॅपटॉपवर बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. संवादांच्या मध्ये बाबांचं वाक्य जिथे यायचं, तिथे मी थांबत होते.

बाबांची कंपनी २००१ च्या सुमाराला बंद पडली. पॅनल भंगारात गेलं. त्या पट्ट्यात आता जागोजागी काचेच्या इमारती आहेत, आणि त्यातल्या महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये मी काम करते. सर्व्हरशी माझा संबंध नाही. त्यांना थंड हवा आणि न तुटणारी वीज मिळते की नाही हे बघणं माझं काम. चिलर, यूपीएस, डिझेल जनरेटर. इन्स्ट्रुमेंटेशनच, फक्त आता सगळं स्क्रीनवर. फोर टू ट्वेंटी अजून आहे.

बाबांना एकदा आत नेऊन दाखवावं असं फार वाटतं, पण सुरक्षेच्या नियमात ते बसत नाही. फोटोही काढता येत नाही. म्हणून मी जेवताना वर्णन करून सांगितलं. लांबलचक काळोखी हॉल, दोन्ही बाजूंना माणसाहून उंच कपाटं, आणि प्रत्येकात शेकडो बारके दिवे, हिरवे, निळे, सारखे लुकलुकणारे. ७४ वर्षांचे बाबा घास हातात धरून ऐकत होते.

“सारखे लुकलुकतात? म्हणजे काय बिघडलंय?”

“नाही बाबा, लुकलुकतायत म्हणजे चालू आहेत. डेटा जातोय. लुकलुकायचं थांबलं तर काळजी.”

त्यांनी घास खाली ठेवला. “म्हणजे त्या सिनेमावाल्यांचं बरोबर होतं?”

आई खोखो हसायला लागली. बाबा जरा वेळ गप्प होते. नंतर हात धुताना बेसिनपाशी वळून म्हणाले, “आणि लॅम्प टेस्ट? विझलेला दिवा खरंच विझलाय, की गेलाय, कसं बघता तुम्ही?”

मी म्हटलं, सॉफ्टवेअर बघतं. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

गेल्या महिन्यात माझी रात्रपाळी होती. पहाटे तीनची फेरी. तळमजल्यावर फायर अलार्मचं पॅनल आहे, तेवढं एकच जुन्या वळणाचं उरलंय. लोखंडी डबा, खिडक्यांच्या रांगा, खाली चार बटणं. रोज त्याच्यासमोरून जाते. त्या रात्री थांबले. तिसऱ्या बटणावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं. सिक्युरिटीच्या दादांना म्हटलं, घाबरू नका हं. आणि दाबलं.

सगळे दिवे एकदम पेटले. बझर कुईं करून ओरडला. दादा खुर्चीतून अर्धे उठले होते, त्यांच्या चष्म्यात लाल ठिपके. मी बोट काढलं नाही. वरची रांग बघितली, मग खालची, डावीकडून उजवीकडे. मग सोडलं.

पाळीच्या लॉगबुकात अशी नोंद करावी लागते. मी वेळ लिहिली आणि पुढे लिहिलं: लॅम्प टेस्ट केली. झोन ११ चा दिवा पेटत नाही. बदलणे.